‘रक्त सगळीकडे पोचते’ या वाक्याविषयी

रक्ताभिसरणाचा पाठ शिकवताना एक वाक्य हमखास येते : ‘हृदय रक्त पंप करते आणि ते शरीरातील प्रत्येक पेशीपर्यंत पोचते.’ पुस्तकात शब्द थोडे वेगळे असतील, फळ्यावर आणखी वेगळे, आशय तोच. काही वर्षांनी हेच विद्यार्थी स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागतात. तेव्हा सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांना दुसरे वाक्य भेटते : ‘शरीरातील रक्तपुरवठा नसलेला एकमेव भाग म्हणजे डोळ्याचे पारपटल (कॉर्निया). ते ऑक्सिजन थेट हवेतून घेते.’ पहिले वाक्य पाठ केलेला विद्यार्थी दुसरेही पाठ करतो. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, हे त्याला खटकत नाही. एक धड्यातले, दुसरे प्रश्नसंचातले. त्यांची गाठ कधी पडतच नाही.

माझ्या मते यातले पहिले वाक्य चुकीचे आहे आणि दुसरे अर्धवट आहे. हा केवळ शब्दांचा कीस नाही. रक्ताशिवाय जगणाऱ्या ऊती आपल्या शरीरात बऱ्याच आहेत. त्या कशा जगतात हे न कळल्यामुळे माणसांचे डोळे जाऊ शकतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्यासारख्या तालुक्यात, जिथे जमिनीखाली चुनखडक आहे आणि जमिनीवर कपाशी, तिथे हा धोका घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे. तिथपर्यंत जाण्याआधी दोन्ही वाक्ये नीट तपासून घेऊ.

शेवटचे अंतर

विल्यम हार्वेने १६२८ साली रक्त शरीरात फिरून परत हृदयाकडे येते हे सिद्ध केले. पण रोहिणीतले रक्त नीलेत कसे जाते, हे त्याला दिसलेले नव्हते. ते १६६१ मध्ये इटलीतल्या मार्चेल्लो माल्पिगीने दाखवले. बेडकाच्या फुप्फुसात त्याला सूक्ष्मदर्शकाखाली केशिकांचे जाळे दिसले. या शोधाचा एक अर्थ आपण वर्गात सांगायचे विसरतो. केशिका ही बंद नळी आहे. तांबड्या पेशी तिच्यातून बाहेर पडत नाहीत, नळीतूनच पुढे नीलेकडे जातात. म्हणजे स्नायूतल्या पेशीलाही रक्ताचा प्रत्यक्ष स्पर्श होत नाही. ऑक्सिजन केशिकेच्या भिंतीतून बाहेर पडतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातून पसरत पसरत, म्हणजे विसरणाने, पेशीत शिरतो. ग्लुकोजचेही असेच.

थोडक्यात, रक्त हे मालगाडीसारखे आहे. गाडी स्थानकापर्यंत येते. तिथून घरापर्यंत माल चालतच न्यावा लागतो. हे शेवटचे अंतर बहुतेक ऊतींमध्ये मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याच्या जवळपास असते, साधारण एका केसाच्या जाडीएवढे. डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी केशिकांचे कार्य आणि हे अंतर यांचा सखोल अभ्यास केला. केशिकांचे नियमन कसे होते याच्या शोधाबद्दल त्यांना १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अंतर इतके कमी का ठेवावे लागते? कारण विसरण जवळच्या जवळ झपाट्याने होते आणि लांबवर अतिशय रेंगाळते. अंतर दुप्पट झाले की लागणारा वेळ चौपट होतो, दसपट झाले की शंभरपट. पाण्यात ऑक्सिजनला मिलिमीटरचा शतांश भाग ओलांडायला सेकंदाचे काही शतांश पुरतात. एका मिलिमीटरला काही मिनिटे लागतात आणि एका सेंटिमीटरला काही तास.

हे वर्गात दाखवता येते. चायना ग्रास (अगर) पाण्यात उकळून, थापून, त्याच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या वड्या पाडाव्यात. त्या खाण्याच्या रंगाच्या दाट द्रावणात बुडवून ठेवाव्यात. एक वडी अर्ध्या तासाने, दुसरी दोन तासांनी बाहेर काढून मधोमध कापावी आणि रंग किती आत गेला ते पट्टीने मोजावे. वेळ चौपट झाला तरी रंगाची खोली साधारण दुपटीच्या आसपासच भरते. वडीचा मध्यभाग मात्र कोराच राहतो. मोठ्या प्राण्याला रक्ताभिसरण का लागते, याचे उत्तर त्या कोऱ्या मध्यभागात आहे.

आता पहिले वाक्य असे लिहून पाहा : ‘रक्त बहुतेक पेशींच्या अगदी जवळ पोचते, शेवटचे अंतर ऑक्सिजन आणि अन्न विसरणाने ओलांडतात.’ हे वाक्य सातवीच्या मुलालाही जड जाऊ नये. कोणी म्हणेल, लहान मुलांसाठी सोपे करून सांगायलाच हवे. मान्य आहे. पण सोपे केलेले वाक्य असे हवे, की पुढच्या इयत्तेत त्यात भर घालता येईल. ‘प्रत्येक पेशीपर्यंत पोचते’ या वाक्यात भर घालता येत नाही, ते पुसावेच लागते.

‘एकमेव’ या शब्दाची तपासणी

आता दुसरे वाक्य. रक्तवाहिन्या नसलेले पारपटल हे एकमेव ठिकाण नक्कीच नाही. त्याच्या मागे असलेले नेत्रभिंगही रक्ताशिवायच जगते. गर्भात त्याला रक्त पुरवणारी वाहिनी असते, ती जन्मापूर्वीच विरून जाते. सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा सांध्यातल्या वंगणद्रवावर पोसली जाते. मणक्यांमधल्या चकत्यांचा गाभा ही तर रक्तवाहिन्या नसलेली शरीरातली सर्वांत मोठी रचना. प्रौढ माणसात तिच्या काही पेशी जवळच्या केशिकेपासून सहा ते आठ मिलिमीटर दूर असतात. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातही, बाह्यत्वचेत, रक्तवाहिन्या नसतात. म्हणूनच नुसते खरचटले, तर कधीकधी रक्त येत नाही.

इथे विद्यार्थी नखे, केस आणि दातावरचे एनॅमल यांची नावे घेतील. त्यांना थांबवून विचारावे : तिथे जिवंत पेशी आहेत का? नखाचा बाहेर दिसणारा भाग आणि केस मृत पेशींचे असतात, एनॅमलमध्ये तर पेशीच नसतात. ज्याला अन्न लागतच नाही त्याने ते कुठून मिळवावे हा प्रश्न उद्भवत नाही. जिवंत असून रक्ताशिवाय राहणाऱ्या ऊतींची यादी वेगळी करायला लावली, की हा फरक मुलांच्या कायम लक्षात राहतो.

‘थेट हवेतून’ हेही अर्धेच खरे आहे. डोळे उघडे असताना पारपटलाचा पुढचा भाग अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेला हवेतला ऑक्सिजन घेतो. पण रात्रभर आपण डोळे मिटून झोपतो. तेव्हा तो पापण्यांच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून येतो आणि बराच कमी येतो. पारपटल रात्री किंचित फुगते आणि सकाळी पूर्ववत होते. ग्लुकोज तर हवेत नसतेच. ते मुख्यतः पारपटलामागच्या पोकळीतल्या पाण्यासारख्या द्रवातून येते आणि तो द्रव शेवटी रक्तापासूनच बनतो. म्हणजे पारपटल रक्तापासून स्वतंत्र नाही. त्याच्यासाठी ‘शेवटचे अंतर’ थोडे लांब आहे, एवढेच. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. दोन्ही बाजूंनी पुरवठा आणि बेताची गरज यांमुळे एवढे अंतर त्याला निभावते.

पारदर्शकतेचा सौदा

पारपटलाने रक्तवाहिन्या का टाळल्या? डोळ्याच्या साठएक डायॉप्टर शक्तीपैकी सुमारे ४३ डायॉप्टर, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश, पारपटलाची असते. प्रतिमा जुळवण्याचे निम्म्याहून अधिक काम ही काच करते. तिच्यातून तांबड्या पेशींनी भरलेल्या नळ्या गेल्या असत्या तर प्रकाश अडला आणि विखुरला असता. डेव्हिड मॉरिस यांनी १९५७ साली मांडले, की पारपटलातले कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू विशिष्ट अंतर राखून रचलेले असल्यामुळे विखुरलेला प्रकाश एकमेकांना छेद देतो आणि पटल पारदर्शक दिसते. अशा शिस्तीत नळ्यांना जागा नाही.

ही रक्तहीनता आपोआप टिकत नाही, ती राखावी लागते. पारपटलाला लागूनच, कडेच्या पांढऱ्या भागात, केशिका असतात. त्या आत का घुसत नाहीत? जयकृष्ण अंबाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली ‘नेचर’मध्ये याचे उत्तर दिले. नव्या रक्तवाहिन्यांना वाढण्याचा संदेश देणारे एक प्रथिन असते. त्याला पकडून निष्प्रभ करणारे दुसरे प्रथिन पारपटल स्वतः बनवते. मॅनॅटी नावाच्या समुद्रगायीच्या पारपटलात हे दुसरे प्रथिन नसते आणि तिच्या पारपटलात रक्तवाहिन्या असतात. ‘पुरवठा नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा जणू काही उणीव असल्यासारखे वाटते. इथे मात्र शरीर रक्ताला रोज दाराबाहेर थोपवून धरते.

या सौद्याचा आणखी एक लाभ माणसाला फार मोठा ठरला. रक्तवाहिन्या नसल्यामुळे प्रतिकारशक्तीच्या पेशींना पारपटल सहज गाठता येत नाही. त्यामुळे दुसऱ्याचे पारपटल बसवले तर ते नाकारले जाण्याची शक्यता मूत्रपिंड किंवा त्वचेच्या तुलनेत बरीच कमी असते. ७ डिसेंबर १९०५ रोजी, सध्याच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमॉत्स येथे, एडुआर्ड झिर्म या डॉक्टरांनी माणसावरचे पहिले यशस्वी पारपटल-रोपण केले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तेव्हा नव्हती, तरीही दोन डोळ्यांपैकी एका डोळ्यातले रोपण टिकले आणि रुग्णाला दिसू लागले. तो रुग्ण एक मजूर होता. त्याचे दोन्ही डोळे चुन्याने भाजून गेलेले होते.

सौद्याची दुसरी बाजू दुरुस्तीत दिसते. बोटाला कापले की रक्त येते, गुठळी बनते, पांढऱ्या पेशी धावून येतात. पारपटलाच्या अगदी वरच्या थरावरचा ओरखडा शेजारच्या पेशी सरकून एक-दोन दिवसांत भरून काढतात. जखम खोल असेल किंवा तिच्यात जंतू शिरले असतील, तर मात्र मदत कडेवरून यावी लागते आणि ती उशिरा येते. भरलेल्या जागी तंतूंची मूळची शिस्त राहत नाही. तिथे पांढुरका डाग पडतो. आपल्याकडे याला ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात. इजा फार मोठी असेल तर शरीर अखेरचा उपाय म्हणून कडेच्या केशिका आत वाढवते. पटल वाचते, पण पारदर्शकता जाते. शिवाय अशा रक्तवाहिन्या आलेल्या डोळ्यात पुढे रोपण टिकणेही अवघड होते.

चुना आणि पऱ्हाटी

आता कोरपन्याकडे वळू. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा तालुका चुनखडकासाठी ओळखला जातो. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही ही नावे सिमेंटमुळे महाराष्ट्रभर ठाऊक झाली. उरलेल्या काळ्या जमिनीत कपाशी, तूर, सोयाबीन. कुठल्याही घराच्या बांधकामावर सिमेंट कालवले जाते आणि ओले सिमेंट चुन्यासारखेच तीव्र अल्कधर्मी असते. आणि या सगळ्या भागात खर्रा घोटायला चुना लागतो. तो प्लॅस्टिकच्या पुडीत किंवा नळीत मिळतो आणि घरात मुलांच्या हाताला सहज लागतो. मूल ती पुडी दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. अशा पुड्यांच्या धोक्याचा इशारा भारतीय नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली ‘लॅन्सेट’मधून दिला होता.

चुना इतका घातक का, हे आपल्या दोन वाक्यांपैकी एकही सांगू शकत नाही. अल्कली पेशींच्या पटलातल्या स्निग्ध पदार्थांचा अक्षरशः साबण करते आणि आत आत शिरत जाते. तिला वाहून नेणारे किंवा सौम्य करणारे रक्त पारपटलात नाही. त्यातच चुन्याचे कण पापणीखाली चिकटून राहतात आणि झिरपत राहतात. सर्वांत मोठे नुकसान पारपटलाच्या कडेला होते, कारण वरच्या थराच्या नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळपेशी तिथे असतात. त्या जळाल्या की कडेचा बांध फुटतो आणि रक्तवाहिन्या पारपटलावर पसरतात. तेव्हा नेत्रदानातून मिळालेले पारपटल बसवूनही पुरत नाही, आधी मूळपेशी बसवाव्या लागतात. दुसऱ्या चांगल्या डोळ्याच्या कडेचा लहानसा तुकडा घेऊन त्याचे कण जळालेल्या डोळ्यावर पेरण्याची सुटसुटीत पद्धत हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडली. चांगला उपाय आहे. पण त्याची गरजच पडू नये हे अधिक चांगले.

त्यासाठी पहिली काही मिनिटे मोलाची असतात. डोळ्यात चुना किंवा सिमेंट गेले तर जागच्या जागी, डोळा उघडा धरून, स्वच्छ पाण्याची धार किमान अर्धा तास धरावी. पापणीखालचे दिसणारे कण ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपावेत आणि मग लगेच दवाखाना गाठावा. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी एक गोष्ट आवर्जून सांगावी : अल्कलीला आम्लाने उदासीन करायचे हा प्रयोगशाळेतला नियम डोळ्यात वापरायचा नाही. लिंबू, व्हिनेगर काही नको, फक्त पाणी.

दुसरा धोका शेतातला. वेचणीच्या वेळी पऱ्हाटीचा किंवा तुराटीचा फटका डोळ्याला बसतो. ओरखडा लहान असतो, रक्त येत नाही. ‘रक्त नाही, म्हणजे फारसे लागले नाही’ हा अनुभव हातापायांपुरता ठीक आहे. पारपटलाला मात्र तो लागू नाही, तिथे रक्त येणारच नसते. काडीबरोबर बुरशी आत गेली तर काही दिवसांत व्रण होतो. मग घरगुती रस किंवा आधीच्या आजारातले उरलेले थेंब घातले जातात. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशीला मोकळे रान मिळते. उलट उपाय वेळेवर झाला तर काय घडते, हे नेपाळमधल्या भक्तपूरच्या अभ्यासाने २००१ साली दाखवले. तिथे गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी ओरखडा झालेल्यांना प्रतिजैविक मलम दिले. इजेनंतर १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही. ओरखड्यानंतर त्याच दिवशी आरोग्यकेंद्रात जावे, एवढी गोष्ट विद्यार्थ्याने घरी नेली तरी पाठ कामी आला.

नसणे आणि तुटणे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शिक्षकांना हा विषय शिकवताना आणखी एक उदाहरण जवळ सापडेल. या भागात सिकलसेलचे रुग्ण बऱ्याच गावांत आहेत. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या हाडाच्या गोल डोक्याचा पुरवठा असा बंद पडला तर ते हाड मरते. गंमत अशी, की त्या हाडावरची कूर्चा सुरुवातीला शाबूत असते. तिचे अन्न सांध्यातल्या द्रवातून येत असते, त्यामुळे रक्त थांबल्याचे तिला लगेच जाणवत नाही. पुढे खालचे हाड ढासळते तेव्हा तिचा आधार जातो आणि तीही खराब होते.

एकाच सांध्यात, एकमेकींना चिकटून असलेल्या दोन ऊती : एक रक्ताशिवाय जगायला घडलेली, दुसरी रक्त तुटताच मरणारी. ‘पुरवठा नसणे’ आणि ‘पुरवठा तुटणे’ यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसेल? ‘सगळीकडे पोचते’ म्हणणाऱ्या वाक्यात हा फरक मावत नाही. ‘एकमेव’ म्हणणाऱ्या वाक्यातही मावत नाही.

वर्गातला तक्ता

बहुतेक शाळांत रक्ताभिसरणाचा एक तक्ता भिंतीवर असतो. मानवी आकृती, तांबड्या-निळ्या रेषा. आकृतीतल्या डोळ्यांवर, गुडघ्यांवर, मणक्यांवर सहसा काहीच दाखवलेले नसते. तक्ता बदलायची गरज नाही. या वर्षी पाठ शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना पेन्सिली द्याव्यात. केशिका जिथे शिरत नाहीत अशी ठिकाणे त्यांनी शोधावीत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : अन्न कुठून येते, रक्त नसल्याने काय मिळते, आणि इजा झाली तर काय गमावते. डोळ्यापुढच्या ओळीत चौथी गोष्टही लिहावी : चुना गेला तर आधी पाणी, किमान अर्धा तास.

नेत्रदान पंधरवडा दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर असतो. त्या सुमारास फलकांवर पूर्ण डोळ्याचे चित्र झळकते. प्रत्यक्षात एका माणसाकडून दुसऱ्याला दिले जाते ते फक्त पारपटल. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढता येते आणि चष्मा असलेल्याचे किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्याचेही चालते. हे का शक्य होते, असा प्रश्न त्या दिवसांत एखाद्या मुलाने विचारला, तर उत्तर देण्याआधी त्याला तक्त्याजवळ न्यावे. पेन्सिलीने लिहिलेल्या त्या ओळींमध्ये त्याला ते स्वतःलाच सापडेल.